सुमनबाईची मूठ

कोंडाबाई अंग चोळायला बसली की माणसाला काही विचारत नसे. बाळंतीण असो की धसका घेतलेला गडी, काय झालं ते हाताखालच्या शिराच सांगतात, असा तिचा तोरा होता.

लातूर जिल्हा झाला त्या साली व्यंकटीला नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि तो देगलूरकडून बायकोला घेऊन कोंडाबाईच्या शेजारी राहायला आला. त्याच्या बायकोची, सुमनबाईची, उजवी मूठ बहात्तरच्या दुष्काळापासून मिटलेलीच होती. दवाखान्यात म्हणाले, हाडं धड आहेत, आम्ही काय करणार.

कोंडाबाईनं करडीचं तेल कोमट केलं. छातीपासून खांदा, खांद्यापासून मनगट, असं महिनाभर रोज चोळलं. एका दुपारी सुमनबाईनं लांब श्वास सोडला आणि तिचं एकेक बोट उघडलं. तळव्यावर दोराचा जुना वळ होता.

“झालं बघ मोकळं,” कोंडाबाई म्हणाली.

सुमनबाई तळहाताकडे बघत राहिली. “पाणी पार तळाला गेलतं. लेक पंची अंगानं हलकी, म्हणून वाटी देऊन आडात सोडली. दोर मीच धरला व्हता, बाई. इतके दिस धरूनच व्हते.” मग हळूच म्हणाली, “आता पडली माझी पंची.”

कोंडाबाईनं आपली दोन बोटं त्या तळव्यात ठेवली आणि मूठ पुन्हा मिटू दिली.