आलेस्याची शाल

आलेस्याने फोनमधला गणपती पुसून टाकला, मग उकडीचे मोदक, मग सुलक्षणाबाई. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून ती एकेक फोटो काढून टाकत होती, आणि समोर मेथी निवडणाऱ्या सुलक्षणाबाई स्वतःला त्या फोनमधून नाहीशा होताना बघत होत्या.

"हाही?" त्यांनी विचारलं. फोटोत दोघी वॉटफर्डच्या बाजारात एक भलामोठा भोपळा धरून हसत होत्या.

आलेस्याने दोनदा घसा खाकरला. "हाही, मावशी."

बोलण्याआधी असं खाकरायची तिची सवयच होती. इंग्रजी तिला परक्याच्या चपलेसारखी वाटत असावी. पाय घालण्याआधी झटकून घ्यायची. दोघींचं बोलणं इंग्रजीतच चाले, 'मावशी' हा शब्द तेवढा सुलक्षणाबाईंनी हौसेने शिकवलेला. बेलारूसची ही मुलगी वरची खोली भाड्याने घ्यायला आली तेव्हा सुलक्षणाबाई इस्पितळाच्या लॅबमधून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेलेला, लेक आश्लेषा बर्मिंगहॅमला. महिन्याभरात 'भाडेकरू' हा शब्द घरातून हद्दपार झाला आणि 'आमची आलेस्या' सुरू झालं. दुकानात, मराठी मंडळात, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा.

उद्या सकाळी ती लूटनहून निघणार होती. व्हिल्नियसपर्यंत विमान आणि तिथून सरहद्दीपलीकडे बस. तिचा पासपोर्ट संपत आला होता, आणि तिच्या सरकारने वकिलातींमधून नवे पासपोर्ट देणं बंद केलं होतं. हवा असेल तर घरी या, असा हुकूम. घरी आई होती, एकटी, खुबा मोडलेली. सरहद्दीवर फोन उघडून बघतात. कुणाला फोन केलात, काय वाचलंत, कुठल्या झेंड्याखाली उभे राहिलात.

तिथली युद्धाची गोष्टच विचित्र होती. लढाई दोन शेजाऱ्यांची, पण एकाच्या फौजा हिच्या देशाच्या अंगणातून गेलेल्या. तिचा भाऊ दुसऱ्या गावी ज्या कारखान्यात होता तिथे पूर्वी बसचे सुटे भाग व्हायचे. आता सगळी कामं पूर्वेच्या त्या लढणाऱ्या शेजाऱ्याकडून येतात, पगार वाढलाय, पण काय बनवतो ते तो आईलाही सांगत नाही. डॉक्टर पोलंडला निघून गेले. भाव वाढवायला सरकारची बंदी, म्हणून व्यापाऱ्यांनी बटाटा सरहद्दीपलीकडे विकला, तिथे पैसे जास्त मिळतात. जिथली माणसं बटाट्यावर वाढली तिथे एका वसंतात बटाटा दिसेना. आई यातलं काहीएक फोनवर बोलत नसे. भिंतीलाही कान असतात, हे त्या बाईला कुणी शिकवायला नको होतं. ती फक्त हवेबद्दल बोलायची आणि एकदा न राहवून विचारून गेली होती, "तिकडे बटाटे मिळतात ना गं?"

"आता नाव टाकून बघते," आलेस्या म्हणाली. तिने इंटरनेटवर आपलं नाव शोधलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने फोन टेबलावरून पुढे सरकवला.

अगदी वर, सगळ्यांत पहिली, आपुलकी मंडळाची पोस्ट होती. युक्रेनमधल्या मुलांच्या इस्पितळासाठी मंडळाने खाद्यमेळा केला होता. आलेस्याने दिवसभर उभं राहून बटाट्याची धिरडी तळली होती, तिच्या आईच्या पद्धतीची. तळणाऱ्या बाईला तसंच घरी पाठवणं सुलक्षणाबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तिचा सत्कार केला. कपाटात शालींचा गठ्ठाच असायचा. शाल न मिळालेला माणूस वॉटफर्डात दिवा घेऊन शोधावा लागला असता. फोटोत आलेस्याच्या खांद्यावर जांभळी शाल होती, हातात नारळ, मागे युक्रेनचा हा एवढा निळा-पिवळा झेंडा. खाली सुलक्षणाबाईंचे शब्द: 'हुकूमशहाला न भिणारी आमची आलेस्या!' सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतही.

सुलक्षणाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्या पोस्टवर स्वतः त्यांनीच टाळ्या वाजवणारे हात टाकले होते.

मंडळाचं पान इंद्रजित सांभाळायचा. त्यांनी त्याला फोन लावला.

"काय म्हणता ताई? डिलीट? अहो, आपली बेस्ट पोस्ट आहे ती! कौन्सिलच्या लोकांनीपण शेअर केलीय."

"इंद्रजित, काढ. आत्ता. मी फोनवर थांबते."

"पण रीझन काय? कुणी कम्प्लेंट केली का?"

"मी केली. मी सेक्रेटरी आहे ना? काढ म्हणते ना तुला!"

एवढ्या वर्षांत त्या त्याच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. पोस्ट गेली. पण पुढे शेअर झालेली कुठेकुठे गेली, ते इंद्रजितलाही सांगता येईना.

"तू नको जाऊस," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "इथल्या सरकारला सांगू. वकील बघू."

"आणि आई?"

सुलक्षणाबाईंना रडू आलं. "माझ्या तोंडात तीळ भिजत नाही गं. मला वाटलं, तुझं कौतुक होतंय."

"कौतुकच होतं ते," आलेस्या म्हणाली. तिने त्यांचा मेथीने हिरवा झालेला हात धरला. "ऐका, मावशी. तुमचा नंबर पुसते, पण पाठ आहे मला. कुठे राहत होतीस विचारलं तर सांगेन, एका म्हातारीकडे खोली घेतली होती. तुम्हाला कुणी विचारलंच, तर तुम्हीही तेवढंच सांगायचं. तुम्ही माझ्या कुणी नाही."

"बरं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. म्हणणं सोपं होतं.

संध्याकाळी आलेस्याने सगळं स्वयंपाकघर घासून काढलं. गॅसची शेगडी, कढया, टाइल्सच्या फटीसुद्धा. नको म्हटलं तरी ऐकेना. सकाळी ती निघाली तेव्हा जांभळी शाल पलंगावर घडी घालून ठेवलेली होती. नारळ तर केव्हाच वड्यांमध्ये संपला होता.

मग तिच्याकडून काहीच आलं नाही. हवेची बातमीसुद्धा नाही. मंडळात लोक विचारायचे, "तुमची आलेस्या कशी आहे?" आणि सुलक्षणाबाई म्हणायच्या, "गेली ती." बायका एकमेकींकडे बघायच्या. काहीतरी बिनसलं असणार. दाराची बेल वाजली तरी सुलक्षणाबाई दचकायच्या. रस्त्यात गाडी थांबली की पडदा किंचित बाजूला करून बघायच्या. आपण वॉटफर्डात आहोत, इथे कोण येतंय, असं स्वतःला बजावायच्या, आणि तरी पडद्याशी जायच्याच.

एका दुपारी वरणाला फोडणी देत असताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज पुरुषाचा, अगदी सभ्य, इंग्रजी सावकाश बोलणारा. त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही.

"आलेस्याबद्दल विचारायचं होतं. आपण तिच्या मावशी ना?"

सुलक्षणाबाईंनी गॅस बारीक केला.

"मावशी कसली? मी इंडियन आहे. खोली भाड्याने दिली होती."

"आमच्याकडे एक फोटो आहे. आपण तिला शाल घालताय. मागे झेंडा आहे."

"असेल."

"खाली लिहिलंय, ती कुणाला भीत नाही. ती आपल्याशी राजकारणावर बोलायची?"

आणि मग, स्वतःलाही नवल वाटावं अशी, त्यांच्या आत एक खडूस घरमालकीण जागी झाली.

"हे बघा मिस्टर, आमच्यात शाल सगळ्यांनाच घालतात. हॉलचा बॉयलर दुरुस्त करणाऱ्याला घातली, पार्किंगवाल्यालाही घातली. त्याच्याबद्दलही मी असंच काहीबाही लिहिलं होतं, मला लिहायची हौस आहे. धिरडी तळायला बाई हवी होती, ही घरात होती, हिला उभी केली. झेंडा कसला ते तिला ठाऊकही नसेल. त्या मुलीला राजकारण? तिला साधं स्वयंपाकघर स्वच्छ ठेवता येत नव्हतं! जाताना सगळं घाण करून गेली. शेगडी बघवत नव्हती. मी अजून घासतेय. मला नकोय ती परत, तिथेच ठेवून घ्या तिच्या आईकडे!"

समोरच्या शेगडीत खिडकीचा उजेड चमकत होता.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. आणि मग, माणसाच्या मागून कुठूनतरी, बहुधा खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, कुणीतरी घसा खाकरला. दोनदा.

सुलक्षणाबाईंच्या तोंडात नाव आलं. अगदी जिभेच्या टोकावर. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"थँक यू, मॅडम," माणूस म्हणाला. "तसदीबद्दल माफ करा."

फोन बंद झाला. फोडणी करपून घरभर वास सुटला होता. सुलक्षणाबाई मात्र ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या, बंद झालेला फोन कानाला तसाच लावून, पलीकडून आणखी काही ऐकू येतंय का ते बघत.