टॅन्सीने चाटलेला तवा

मी एक जुना तवा आहे. पण पोळ्या भाजणारा नव्हे हं, मित्रांनो. मी जन्मलो शेतीसाठी, तव्यांच्या कुळवाचा एक तवा म्हणून. माझे भाऊ आणि मी एकाच दांड्यावर ओवलेले होतो. ट्रॅक्टर आम्हांला मॅली नावाच्या आमच्या कोरड्या मुलखाच्या तांबड्या मातीतून ओढत नेई. आम्ही ढेकळं फोडली, मुळं कापली, दगडांशी टकरा घेतल्या. एकदा जमिनीत दडलेल्या बुंध्यावर आदळून माझी कड उडाली आणि शेताचा मालक लिंडसे ट्रेविन याने मला उतरवून भंगारात टाकलं.

तिथून मला उचललं त्याच्या बायकोने, नोरीनने. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "याचं भोक बुजव आणि दोन बाजूंना दोन कड्या जोडून दे. चॉप भाजायला झकास होईल."

आणि खरंच झालो. दर रविवारी अंगणात लाकडं पेटत, दगडांवर मी बसे आणि माझ्या पोटात चॉप म्हणजे मेंढीच्या बरगडीचे तुकडे, गाईच्या मांसाचे सॉसेज, कांदा असं सगळं चरचरत राही. शेजारचा मर्व तर वासावरच येई. तो म्हणायचा, "लिंडसे, तुझ्या बायकोच्या हाताला काही चव नाही रे. सगळी करामत या तव्याची."

"मग पुढच्या रविवारी तव्यालाच विचार, जेवायला येऊ का म्हणून," नोरीन म्हणायची.

माझ्या अंगाला साबण कधी लागला नाही. आमच्याकडे अशा तव्याला कुणी साबण लावतच नाही, चव जाते म्हणतात. जेवणं झाली की लिंडसे मला गवतावर ठेवायचा, मी निवलो की शीळ घालायचा आणि म्हणायचा, "चल गं, भांडी घास." मग टॅन्सी यायची. टॅन्सी म्हणजे त्याची मेंढरं वळणारी केल्पी जातीची कुत्री, तांबूस अंगाची, उभ्या कानांची. कडेपासून मध्यापर्यंत ती मला चाटून लख्ख करायची. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य दगडांत आणि विस्तवात गेलं. मऊ असं काही अंगाला लागलं असेल, तर ती टॅन्सीची जीभ. रविवारची मी वाट बघायचो ती चॉपसाठी नव्हे, हे आज सांगून टाकतो.

टॅन्सी मोठी झाली तशी तिला खाज सुटू लागली. आधी पंजे चावायची, मग कान खाजवून रक्त काढू लागली. पोट तर रोजच बिघडलेलं. मेंढरांच्या मागे धावता धावता मध्येच बसायची आणि लिंडसे शिट्ट्या मारत राहायचा. ज्या कुत्रीच्या एका नजरेने कळप वळायचा, तिला आता कोकरंही भीक घालत नव्हती.

नोरीन गावातून डॉग फूडची पोती आणू लागली. एकावर 'नाजूक पोटासाठी' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'धान्याविना', तिसऱ्यावर हसऱ्या कुत्र्याचं चित्र. आठवडा झाला, फरक नाही की पोतं बदल. टॅन्सीचं पोट आणखीच ढवळलं. मर्वने अक्कल शिकवली, "कांगारूचं मांस घाला. शहरातले लोक ॲलर्जीच्या कुत्र्यांना तेच देतात." तेही झालं. काही उपयोग झाला नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टर हॅलोरनबाई मेंढ्या तपासायला आल्या तेव्हा त्यांनी टॅन्सीचे कान पाहिले आणि अंगणातच सगळ्यांना फैलावर घेतलं.

"पोत्यावर काय छापलंय त्याला भुलू नका. हिला रोजच्या खाण्यातलंच काहीतरी सोसत नाहीये. हिने जन्मात कधी खाल्लं नाही असं काय आहे, ते सांगा."

"कांगारू?" मर्व म्हणाला.

"शहरातल्या कुत्र्याला कांगारू नवा. ही तर पिल्लू असल्यापासून तेच खात आलीय. ससेही खाल्ले असतील. मासा?"

"मासा?" लिंडसे हसला. "डॉक्टर, इथून समुद्र केवढा लांब. मलाच मासा खाऊन वर्षं झाली."

"मग ठरलं. मासा आणि रताळं, एवढंच. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला, एकदम नाही. आणि एकदा बदललं की दोन महिने दुसरा एक घासही नको. पावाचा तुकडा नको, गोळी द्यायला चीज नको. एक घास चुकला की सगळं मुसळ केरात."

डॉक्टर गेल्यावर लिंडसे बराच वेळ टॅन्सीच्या कानामागे बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "मेंढ्यांची लोकर काढायची वेळ येते, त्या कातरणीपर्यंत बघू. तोवर बरी झाली तर झाली. नाहीतर हिला असं सडू देणार नाही मी."

आधीचा कुत्रा रस्टी असाच आजारी पडला होता. तेव्हा लिंडसे बंदूक घेऊन त्याला शेडमागे घेऊन गेला आणि एकटाच परत आला. आमच्याकडे हे काम माणूस दुसऱ्यावर सोपवत नाही.

नोरीनने मात्र कंबर कसली. मासा-रताळ्याच्या डॉग फूडचं पोतं आणलं, टॅन्सीचं ताट वेगळं केलं. मर्वने सवयीने सँडविचचा कोपरा टाकला तर तिने तो हवेतच झेलला. "पुन्हा असं केलंस तर तुलाच माशाचे दाणे घालीन," असं त्याला बजावलं. कामाच्या मधल्या चहाला कुणी खिशात बिस्कीट ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. एवढी करडी नजर होती तिची.

आणि तरीही रविवारी जेवणं झाली की लिंडसे मला गवतावर ठेवायचा, शीळ घालायचा आणि म्हणायचा, "चल गं, भांडी घास."

नोरीन तिथेच उभी असायची. तिच्या मनात काहीच यायचं नाही. कारण ते खाणं नव्हतंच ना त्यांच्या लेखी! ते भांडी घासणं होतं. मेंढीची चरबी, गाईचा रस, माझ्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं सगळं टॅन्सीच्या जिभेवर जात होतं. मला ते कळत होतं, पण मला तोंड नाही. ज्या जिभेची मी आठवडाभर वाट बघायचो, तिची आता मला भीती वाटू लागली. मी मनात म्हणायचो, बये, आज नको येऊस. ती यायची, शेपटी हलवत यायची आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त निघेपर्यंत कान खाजवायची.

मग गहू पिकला. पीक वाळून उभं असलं की आमच्याकडे उघड्यावर काडी ओढत नाहीत. कापणी झाली तर पुढे उन्हाळा असा पेटला की रेडिओवर आगबंदीमागून आगबंदी. रविवारची जेवणं घरात, विजेच्या शेगडीवर होऊ लागली. मला शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण भिंतीवरून मला अंगण दिसायचं, आणि अंगणात टॅन्सी बरी होत होती.

आधी पंजे सुकले. मग कानांच्या जखमा भरल्या, पोट ताळ्यावर आलं, पोटाखालची लव पुन्हा उगवली. एके सकाळी तिने एकटीने सगळा कळप फाटकातून आत घातला. लिंडसे टोपी काढून उभाच राहिला.

"माशाने केलं," नोरीन म्हणाली.

"तू केलंस," लिंडसे म्हणाला.

टांगलेला राहिलो तरी चालेल, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. पण उन्हाळा सरला, पाऊस पडला, आगबंदी उठली. टॅन्सी बरी झाली याचा आनंद करायला म्हणून पहिलाच विस्तव पेटवला. मर्व आला, चॉप आले, आणि शेवटी शीळही आली. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही.

कातरणी तोंडावर आली तेव्हा टॅन्सीला उभंही राहवत नव्हतं. कानातून पू, शौचातून रक्त. खाणं तेच माशाचं, ताट तेच, नोरीनची नजर तीच. नोरीनने डॉक्टरांना फोनवर शपथेवर सांगितलं की एक घासही चुकलेला नाही. मग फोन ठेवून रडली.

"मासाही सोसत नाही तिला," लिंडसे म्हणाला. "बस झालं आता. बघवत नाही मला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो शेडमध्ये आला. बंदूक दाराशी टेकवली आणि मला खिळ्यावरून काढलं. त्याने विस्तव पेटवला. एकच चॉप टाकला. टॅन्सी पंजे ओढत माझ्याजवळ येऊन बसली. नोरीन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हे काय करतोयस?"

"निदान जाताना तरी तिला तवा चाटू दे गं. सगळा उन्हाळा बिचारीला मिळाला नाही."

नोरीन चप्पलही न घालता अंगणात आली.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, उन्हाळाभर चाटायला मिळाला नाही..."

"आणि उन्हाळाभर ती बरी होती," नोरीन म्हणाली.

लिंडसेने माझ्याकडे पाहिलं. मग टॅन्सीकडे. तिची जीभ बाहेर आलेली होती, मी निवायची ती वाट बघत होती. त्याने तिचा पट्टा धरला आणि तिथेच मातीत बसकण मारली. "मी माझ्या हाताने," तो म्हणाला. "दर रविवारी." नोरीनने बंदूक उचलून घरात नेली आणि येताना साबण घेऊन आली.

त्या कातरणीला टॅन्सी कामावर नव्हती. मर्वचा कुत्रा मागून आणला. पण पुढच्या कातरणीला कळप तिनेच आत घातला, आणि तेव्हा मर्वचे डोळे ओले झाले होते, धुळीमुळे, असं तो म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाला काही सोसत नसेल. त्याच्या ताटावर तुम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवता, ते चांगलंच आहे. पण ताटाबाहेर तुम्ही लाडाने जे देता आणि ज्याला खाणं म्हणत नाही, तेही एकदा आठवून बघा. त्या मुक्या जिवाला सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्या लोखंडालाही नाही.

आता मला दर रविवारी साबण लागतो. मर्व म्हणतो, चव गेली. कडांना गंज धरलाय. परवा जेवणं झाल्यावर लिंडसेने मला गवतावर ठेवलं, शीळ घातली आणि म्हणाला, "चल गं, भां..." टॅन्सी कुंपणापलीकडून धावत आली. तो थांबला. एका हाताने त्याने तिला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने तारेचा ब्रश उचलून मला घासायला लागला.