उलट्या टांगलेल्या करवती

आमच्या मागच्या खोलीत आता माणसाने धड उभं राहावं एवढीही जागा उरलेली नाही आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. कोणी भांडी जमवतं, कोणी झाडं लावतं, मी जुनी हत्यारं जमवते. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटं, हातोड्या. कोणाकोणाच्या हातून सुटलेली, गंजलेली, मुठी झिजून गुळगुळीत झालेली. मी स्वतः सुतार नाही. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. पण लहानपणी मोठ्या भावाच्या बाकाखाली, लाकडाच्या भुशात बसून खेळले, आणि ते वेड काही डोक्यातून गेलं नाही. दादा सुतार. नुसता सुतार नव्हे, त्याने बसवलेलं दार कधी कुरकुरलं असं मी ऐकलेलं नाही.

सुरुवातीला हत्यारं कपाटात कोंबायचे. मग एकच गिरमिट दोनदा विकत घेतलं, तेव्हा नवरा इतका हसला की मला कपाट फोडावंसं वाटलं. त्या रागात मी कारखान्यातली अक्कल घरी वापरली. भिंतीवर प्लायचे तक्ते ठोकले. नवीन हत्यार आलं की ते तक्त्यावर टेकवायचं, खडूने त्याच्या कडेकडेने रेघ मारायची, त्यावर रंग भरायचा आणि खिळा ठोकून तिथेच टांगायचं. कापडावर बाहीचा साचा ठेवून रेघ मारतात, तसंच. वही नको, चिठ्ठ्या नकोत. एखादं हत्यार जागेवर नसलं की त्याची रिकामी आकृती खोलीत शिरल्या शिरल्या डोळ्यांत खुपते. "उद्या मलाही भिंतीला टेकवून रेघ मारशील," नवरा म्हणाला. मी म्हटलं, तेवढा मोठा तक्ता मिळत नाही.

माझा नियम एकच होता. सगळी हत्यारं एका दिशेने. मखमलीसारख्या कापडाला एका दिशेने झुकलेली लव असते. एक तुकडा जरी उलटा कापला गेला तरी शिवल्यावर कोटाची एक बाही वेगळ्याच रंगाची दिसते, आणि शिव्या कटिंग मास्तरला बसतात. इतकी वर्षं हे करून माझी नजरच तशी झाली आहे. तेव्हा माझ्या भिंतीवर प्रत्येक करवतीचे दात खाली आणि टोक डावीकडे. एखादी दुसऱ्या अंगाने जास्त शोभून दिसली तरी लाड नाहीत, फिरवायची आणि टांगायची.

माल आणून द्यायचा तो तराजू. तराजू म्हणजे आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला. बोलताना समोरच्यालाही नजरेने जोखतो, म्हणून ते नाव. गेलं वर्षभर त्याच्याकडून एकापेक्षा एक सरस वस्तू येत होत्या. मी विचारलं, कुठून मिळतात रे, तर म्हणायचा, "नशीब तुमचं, ताई."

आणि दर रविवारी दादा यायचा. पँटच्या खिशात हात घालून भिंतीसमोर उभा राहायचा. हात लावायचा नाही, नुसता बघायचा. "हा रंधा चांगलाय," म्हणायचा, "ज्याचा होता त्याने जपलाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग तो आपल्या कामाचं सांगायचा. कोणाचा जिना चाललाय, कोणत्या गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं. चहा मात्र घ्यायचा नाही. सोडला म्हणाला. पित्त असेल, मी म्हटलं.

त्या रविवारी सकाळी तराजू एक लांब करवत घेऊन आला. पातं सुरेख, मूठ शिसवी. मी ती नेहमीप्रमाणे तक्त्यावर टेकवली, टोक डावीकडे, आणि मूठ पकडून रेघ मारायला लागले. बोटांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वर्षानुवर्षं अंगठा टेकून मुठीला एक खळगा पडतो. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा मुठीच्या डाव्या अंगाला बसतो. म्हणजे करवत माझ्या पद्धतीने टांगली की खळगा समोर दिसायला हवा. या करवतीचा खळगा मागे, तक्त्याच्या बाजूला होता.

"बघ रे," मी तराजूला हसत म्हटलं, "कोणातरी डावखुऱ्याची दिसते." तो हसला नाही. आपली गोणी उगाच आवळत बसला.

मी सहज शेजारची करवत खिळ्यावरून काढली. तिची समोरची बाजू अगदी सपाट होती, म्हणून मला वाटायचं फारशी वापरलेली नसावी. उलटी केली. मागे खळगा. अंगठ्याच्या आकाराचा, खोल.

तिच्या खालची काढली. मागे खळगा.

मग मी रंधे काढायला लागले. मुठी मागच्या अंगाने झिजलेल्या. काही हत्यारं नेहमीची होती, उजव्या हातांची, ती तशीच राहू दिली. पण गेल्या वर्षात आलेली, तराजूने 'नशीब तुमचं' म्हणत आणलेली सगळी डावखुरी निघाली. प्रत्येकाच्या मुठीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी जागा घासून काढलेली होती, आतलं कोवळं लाकूड दिसेपर्यंत. विकायला चकाचक करतो म्हणून मी त्यावरून तराजूला कितीदा झापलं होतं. दादाही डावखुरा, आणि त्याच्या हत्यारांवर नेमकं तिथे काय असायचं ते मला एकदम आठवलं. तापलेल्या खिळ्याने पाडलेले दोन काळे ठिपके. बाकाखाली बसून मी ते मोजायचे, एक मोठा, एक छोटा. मोठा मी आणि छोटी तू, दादा म्हणायचा.

एवढी लाकडं चिरणारा, दोऱ्याएवढा फरक डोळ्याने ओळखणारा माझा भाऊ, त्याची सगळी पेटी माझ्या भिंतीवर टांगलेली. आणि मी ती त्यालाच दाखवत होते. ज्याचा होता त्याने जपलाय. तो माझ्यासमोर उभा राहून हे म्हणाला होता!

"तराजू!" मी अशी ओरडले की शेजारचं दार उघडलं. "कोणाची आहेत ही? खरं सांग, नाहीतर तुझ्याच काट्यावर तुला तोलते!"

"ताई, त्यांनी शपथ घातली होती." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणाले, आधी तिच्याकडे न्यायचं. तिने नको म्हटलं तरच दुसरीकडे. नाव काढायचं नाही म्हणाले. मी काय करू? माणूस माझ्यासमोर डोळे पुसत होता."

गोणी टाकून तो गेलाच. मी जमिनीवर बसले. भोवती हत्यारं, समोर भिंतीवर त्यांच्या रिकाम्या आकृत्या. डोक्यात काही म्हणजे काही शिरेना. कर्ज झालंय? वहिनी आजारी आहे? भांडलेत? मग गेल्या रविवारी सांगितलेला तो जिना? तो कोणत्या हत्याराने चालला होता? वर्षभर हा माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि मी, मापातला तसूभर फरक दुरून ओळखणारी, मान डोलावत बसले. मला राग आला होता आणि भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

दादा नेहमीच्या वेळेला आला. दारातच थांबला. जमिनीवर पसरलेल्या करवतींचे खळगे वर होते, ते त्याने बघितले.

"माझी चेष्टा करत होतास?" मी उभी राहिले. "वर्षभर? माझ्याच घरात, माझ्यासमोर? पैसे हवे होते तर मागायचेस ना! सख्ख्या बहिणीला भंगारवाल्याच्या हातून—"

"पैशाचं नाही गं, ठिणगे." माझ्या तापटपणावरून त्याने लहानपणी ठेवलेलं नाव.

"मग कशाचं?"

तो भिंतीवरच्या रिकाम्या आकृत्यांकडे बघायला लागला.

"हात काढ खिशातून," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मला अजून काहीच समजलं नव्हतं, फक्त तो तसा खिशात हात घालून उभा राहिलेला मला सहन होईना.

त्याने हात बाहेर काढला. डावा. तो हलत होता. थंडीने हलतो तसा नाही. आपल्या मनाने, थांबायचं नाव न घेता. दादा त्याच्याकडे असा बघत होता की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. मी पुढे होऊन तो दोन्ही हातांत धरला, तर माझे हातही त्याच्याबरोबर हलायला लागले.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होईल. डॉक्टर म्हणाले, हा जायचा नाही, वाढेल. शेवटचं दार बसवलं ते कुरकुरत होतं. मालक चांगला होता, बोलला नाही. मी दुसऱ्या दिवशीपासून गेलो नाही."



"आणि वहिनी? तिच्यापासूनही लपवलंस?"

"तिच्यापासून कसं लपवू? रोज सकाळी माझ्या शर्टाची बटणं तीच लावते."

"मुलांना?"

"माहीत आहे. शेजाऱ्यांना, जुन्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना माहीत आहे."

माझं डोकं फिरलं. म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक, आणि एका मलाच नाही! "मी कोण होते मग, परकी? मलाच तेवढं का नाही सांगितलंस?"

दादाने हात हळूच सोडवून घेतला आणि परत खिशात घातला.

"सगळे आता भेटले की तब्येत विचारतात," तो म्हणाला. "तुझ्या एकटीपुरता मी अजून सुतार होतो. तेवढं राहू द्यायचं होतंस गं."