चुकीच्या उशीतला मणी

मणीमहाराजांच्या सभागृहात त्या दिवशी चपला ठेवायलाही जागा नव्हती. पाढे विसरणारा मुलगा घडाघड म्हणू लागला, नापास मुलगी पहिली आली, असं एकेक आई माइकवर सांगत होती आणि आम्ही बाकीच्या डोळे पुसत होतो. सर्वांत जास्त मी. माझी लेक नर्सिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा नापास झाली तर कॉलेजातून तिचं नावच कमी होणार होतं.

महाराजांनी माझ्या हातावर काळा मणी ठेवला. "ताई, हा दिवसभराची विद्या शोषतो आणि झोपेत कानात ओततो. उशीत ठेवा. नऊला दिवा बंद, मोबाइल खोलीबाहेर, आठ तास डोकं उचलायचं नाही. उचललं, की विद्या कापसात मुरली."

मी मान डोलावली. कापसात मुरलेली विद्या पिळून कशी काढायची, एवढं विचारायचं राहिलं.

तोवर लेक बारापर्यंत वाचायची आणि मी तिला चारला उठवायचे. मी जपाला, ती पुस्तकाला. वाचलेलं आठवेना, तर मी म्हणायचे, तुझी श्रद्धा कमी पडते.

मणी आला आणि महिन्यात औषधांची नावं, मात्रा, सगळं तिला तोंडपाठ. सराव परीक्षेत चौथी आली. जिन्यात भेटेल त्याला मी मण्याची महती ऐकवली. दूधवालाही सुटला नाही.

परीक्षेला दोन दिवस असताना लेकीने अभ्रे बदलले आणि मणी निघाला तिच्या बाबांच्या उशीतून. मी तो उशीत शिवला त्या दिवशी माझं मौनव्रत होतं. उशा सारख्याच, कोणती कुणाची ते मला सांगता येईना, ज्याने जी उचलली ती त्याची झाली.

मला रडू फुटलं. म्हटलं, आता दोन रात्री दोघी जागून जप करू. लेकीने मला खुर्चीत बसवलं.

"आई, महिनाभर मणी बाबांच्या डोक्याखाली होता. त्यांना काय आठवतंय?"

हे रात्री एकपर्यंत टीव्ही बघणारे. महिन्यात तीनदा डबा बसमध्ये विसरले, आणि त्याच सकाळी दोन पायांत दोन वेगळे बूट घालून ऑफिसला गेले होते.

"मी फक्त झोपले गं," ती म्हणाली. "दिवसा वाचलेलं मेंदू गाढ झोपेत पक्कं करतो. तू उठवायचीस, ते काम अर्धवट राहायचं. महाराजांनी अटी घातल्या झोपेच्या आणि श्रेय दिलं मण्याला."

देवावरची माझी श्रद्धा तसूभर ढळली नाही. माझ्या अकलेवरची मात्र बरीच ढळली.

लेक पास झाली. आयांनो, पोरांना मणी नको, पुरेशी झोप द्या, आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या अटी आधी नीट वाचा. मी आयुष्यात पुष्कळ व्रतं केली. परीक्षेच्या पहाटे चारला तिच्या दारापर्यंत जाऊन हाक न मारता परत फिरले, तेवढं कठीण एकही नव्हतं.