दुसऱ्या मशीनवर करून बघितलं का?

दादा गेला त्याला आज बारा दिवस झाले, आणि माझा राग अजून त्याच्यावरच आहे. ही माझी जुनी खोड. चूक माझी असली की मी आधी समोरच्यावर चिडून घेते.

आम्ही दोघं भावंडं शिलाई मशीन दुरुस्त करणारी. त्याचं दुकान त्याच्या गावात, माझं तिथून सहा तासांवरच्या शहरात. चौदा वर्षांपूर्वी आम्ही मिळून इंटरनेटवर एक फोरम सुरू केला. कुणाचं मशीन अडलं की त्याने तिथे प्रश्न लिहायचा, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यायचं. तिथे दादाला सगळे ‘तेलकुपी’ म्हणायचे. मशीनला आग लागलीय असं कुणी लिहिलं असतं, तरी त्याने आधी विचारलं असतं, “तेल घातलंत का?” मी बुटकी आणि गोल, मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळासारखी, म्हणून मी ‘बॉबिन’. हे नाव अर्थात त्यानेच ठेवलेलं.

फोरमचे नियमही त्याचेच. प्रश्न विचारला की त्यापुढे लाल ठिपका लागायचा आणि तो प्रश्न सगळ्यात वर राहायचा. ज्याने विचारला त्याने परत येऊन ‘चाललं’ असं लिहिलं, तरच ठिपका जायचा. दुसऱ्या कुणी तो काढायचा नाही, आम्हीसुद्धा नाही. “आपल्याला वाटतं उत्तर दिलं,” दादा म्हणायचा, “पण त्याचं मशीन चाललं का, ते त्यालाच ठाऊक.” आणि प्रश्न नीट लिहायचा: सुई कुठली, दोरा कुठला, काय काय करून बघितलं. शेवटी त्याचा ठरलेला सवाल असायचा, “दुसऱ्या मशीनवर करून बघितलं का?” तिथेही तेच होत असेल तर दोष मशीनमध्ये नाही, शिवणाऱ्याच्या हातात. या एका सवालाने भल्या भल्या शिंप्यांची बोलती बंद केली होती.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. गिऱ्हाईक समोर उभं, पडदा अर्धा शिवलेला, आणि फोरमवर उत्तर येणार दुसऱ्या दिवशी. लोक कुरकुरायला लागले. सगळ्यांनी फोनवरच्या ग्रुपवर जावं, असं मीच सुचवलं. दादाचा लगेच फोन आला.

“अगं, तिथे उत्तर मिळतं, पण टिकत नाही. उद्या तोच प्रश्न दुसरा विचारेल, परवा तिसरा. तू काय तेच तेच दळत बसणार?”

“बसेन. निदान माणसं बोलतील तरी. तुझ्या फोरमवर चिटपाखरू नसतं.”

“चिटपाखरू नसेना. लिहिलेलं तर असतं.”

“दादा, लोकांना घाई असते रे.”

“आणि ज्याला घाई नसेल त्याने कुठे जायचं?”

“त्याने तुझ्याकडे यावं,” मी म्हटलं आणि हसले. तो हसला नाही.

मतं घेतली. ग्रुपच्या बाजूने नव्वद, फोरमच्या बाजूने चौदा. दादा ग्रुपवर आला नाही. फोरम त्याने चालू ठेवला, एकटाच बसायचा तिथे. आमचा अबोला सुरू झाला आणि सात महिने टिकला. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? फोरमवरून येणाऱ्या सूचना मी रागाच्या भरात बंद करून टाकल्या.

खोटं कशाला बोलू, ग्रुप चांगला चालला होता. फोटो टाकला की दोन मिनिटांत उत्तर. एकटीने दुकान चालवणाऱ्या बायका तिथे पहिल्यांदा मोकळेपणाने बोलायला लागल्या. माझं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

मग एका सकाळी मी मशीन उघडून बसले होते, हात तेलाने माखलेले, तेवढ्यात फोनवर दिसलं: तेलकुपी ग्रुपमध्ये आले. खाली त्याचा भलामोठा मजकूर. मला इतका आनंद झाला! आला एकदाचा, हरला शेवटी! करंगळीने कसाबसा त्याला अंगठा दिला. वाचलं नाही. मजकुराखाली कुणीतरी लिहिलं, “काका, एवढं कोण वाचणार? बोलून पाठवा.” मग कुणाची तरी मुलगी परीक्षेत पहिली आली आणि अभिनंदनाची रांग लागली. जेवणाच्या वेळेपर्यंत दादा कुठल्या कुठे वर गेला होता. संध्याकाळी फोन करून त्याला चिडवायचं असं मी ठरवलं. संध्याकाळी वाटलं, करू दे की आधी त्याला.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. दादा मशीनवर बसल्या बसल्या कलंडला, तो गेलाच.

“मेंदूत गाठ झाली रक्ताची,” वहिनी म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस आधीपासून काहीतरी जाणवत असणार. मला तर काहीच बोलले नाहीत. तुला काही म्हणाले होते का गं?”

“नाही वहिनी,” मी म्हटलं. “मला काहीच बोलला नाही.”

काल तिने मला दादाच्या दुकानातला कॉम्प्युटर बघायला बसवलं. फोरम उघडाच होता. सगळ्यात वर एक लाल ठिपका. प्रश्न विचारणारा: तेलकुपी. जाण्याच्या नऊ दिवस आधीचा. चौदा वर्षांत त्याने विचारलेला पहिला प्रश्न.

“शिवण सरळ धरली तरी डावीकडे जाते. कापड डाव्या हाताखालून निसटतं. सुई बदलली, दोरा बदलला. तेल घातलं. दुसऱ्या मशीनवर करून बघितलं, तिथेही तेच. तिसऱ्यावरही तेच. दोष कुठे असावा? घाई नाही. बॉबिनने सवडीने बघावं.”

ग्रुपवर त्याने टाकलेला मजकूर हाच होता, शब्दन् शब्द. यालाच मी अंगठा दिला होता.

त्याला कळलं नसेल? जन्मभर जगाला तोच सवाल विचारणाऱ्याला? कळलं होतंच. पण काही गोष्टी माणसाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या असतात, आणि त्याने त्यासाठी मला निवडलं होतं. आठवडाभर वाट बघितली. मी फोरमवर येत नाही म्हटल्यावर मान खाली घालून माझ्या ग्रुपवर आला. आणि मी म्हटलं, हरला.

वहिनी चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. ती मला बोलेल असं वाटलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे सांगितलं होतं तर त्यांनी,” ती म्हणाली. “मला वाटलं, मनातच ठेवून गेले.”

तिने कप खाली ठेवला आणि दादाच्या स्टुलावर बसली.

बैल गेला आणि झोपा केला, तरी मी उत्तर लिहिलं. “तिन्ही मशीन ठीक आहेत. दोष हातात आहे. दादा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. मी निघालेच.” आणि पाठवलं.

वहिनी बघत होती. “आता तो लाल ठिपका काढून टाक गं,” ती म्हणाली. “बघवत नाही.”

“मला नाही काढता येत, वहिनी,” मी म्हटलं. “ज्याने विचारलं त्यानेच काढायचा असतो.”