खराब मालाचा खण

दुरुस्तीवाल्याने संगणकाच्या पेटीचा शेवटचा स्क्रू काढून बशीत टाकला आणि डिस्क बाहेर ओढली. नवी सिस्टिम कोणी टाकली, असं त्याने विचारलं.

"माझ्या भावाने," बाई म्हणाल्या. "चांगलं करायला गेला."

"चांगलं करायला जाणारेच माझ्याकडे येतात. वाईट करणारे काही शिल्लक ठेवत नाहीत."

बाईंच्या शेजारी स्टुलावर त्यांचे यजमान बसले होते. गळ्याभोवती पांढरा रुमाल, मांडीवर वही. एकतीस वर्षं वीजकंपनीच्या गोदामात भांडारपाल होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्याआधीचे दोन महिने मागच्या खोलीत बसून, रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी दिलेली वाक्यं त्यांनी एकेक करून संगणकात बोलून ठेवली होती. अकराशे बारा. त्या नमुन्यांवरून एक यंत्र तयार व्हायचं होतं: ते टंकतील, यंत्र बोलेल, आणि आवाज त्यांचाच असेल. निदान तीनशे स्वच्छ वाक्यं तरी हवीत, असं वाचातज्ज्ञ म्हणाल्या होत्या. त्याहून कमी असली तर यंत्र बोलेल खरं, पण कुणा तिऱ्हाइताच्या आवाजात.

रविवारी संगणक काळ्या पडद्यावर अडून बसला. बाईंच्या भावाने तासाभरात सिस्टिम नव्याने टाकली. पडदा झकास उजळला. अगदी नव्यासारखा झाला बघ ताई, असं तो म्हणाला, आणि खरंच तसा झाला होता. नव्या संगणकात असतं तेवढंच त्यात होतं.

दुसरीकडे कुठे प्रत असेलच की, असं दुरुस्तीवाल्याने विचारलं. बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान समोरच्या फळीवरच्या वायरी मोजू लागले. भावाने केली होती एक प्रत, पेन ड्राइव्हवर. भांडारपालांनी ती त्याच संध्याकाळी पुसून टाकली. एका मालाच्या दोन नोंदी म्हणजे चोरीची सुरुवात, हे त्यांचं नोकरीभराचं मत होतं. चोर काही आला नाही. मेहुणा आला.

"परत बोलून घेता येणार नाही का?" दुरुस्तीवाल्याने सहज विचारलं आणि मग त्याची नजर रुमालावर गेली.

"कशाने बोलणार?" बाई म्हणाल्या.

तो खाली मान घालून केबल जोडू लागला. जोडता जोडता, कुणालातरी समजावल्यासारखं, सांगत राहिला. फाइल पुसली म्हणजे नोंद खोडली जाते, माल फळीवर तसाच असतो. पण सिस्टिम नव्याने टाकली की त्याच फळीवर नवा माल रचला जातो आणि खालचा चिरडतो. किती चिरडला ते उघडल्याशिवाय कळणार नाही. भांडारपालांनी मान हलवली. आठवडाभरात इतके लोक समजावून गेले होते, त्यांना समजेल असं बोलणारा हा पहिलाच.

डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरायला दोन तास लागले. बाईंनी पिशवीतून डबा काढला, तसाच परत ठेवला. पडद्यावरची हिरवी पट्टी अठ्ठावन्न टक्क्यांवर अडली, तेव्हा त्या उठून दुकानाच्या दाराशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पट्टी पुढे सरकल्याचं दुरुस्तीवाल्याला सांगावं लागलं.

अखंड अशी एकाहत्तर वाक्यं निघाली. बाकीची दोन शब्द बोलून फसफसत होती. भांडारपालांनी सवयीने वहीत वजाबाकी मांडली आणि उत्तर आल्यावर त्यावर पंजा ठेवला.

डिस्कचे दोन खण पाडलेले होते; दुसऱ्यात नवी सिस्टिम शिरलीच नव्हती. तो रिकामाच दिसतोय, असं दुरुस्तीवाला म्हणाला. भांडारपालांनी पंजा उचलून लिहिलं: *खराब माल तिथे. दर शनिवारी निर्लेखन.* बिघडलेला माल चांगल्याच्या शेजारी ठेवायचा नाही, वेगळ्या खोलीत ठेवायचा, आठवड्याने कागदोपत्री रद्द करायचा, हा गोदामाचा नियम. तो त्यांनी संगणकालाही लावला होता. बिघडलेली वाक्यं दुसऱ्या खणात टाकायची आणि शनिवारी पुसायची.

पुसलेली तीनशे अठ्ठ्याऐंशी वाक्यं सापडली, सगळी धडधाकट.

दुरुस्तीवाल्याने पहिलं लावलं. दुकानात भांडारपालांचा आवाज उमटला, भरदार, किंचित नाकातला. *कृपया ती खिडकी* इथवर आला, आणि त्याच्यावरच बाईंचा आवाज चढला: *अहो, नळ परत गळतोय, त्या माणसाला कधी बोलावताय?* दुसऱ्यात कात्री सापडत नव्हती. तिसऱ्यात शेजारणीचं मांजर आत आलं होतं. दहा वाक्यं झाली, दहांतही बाई होत्या.

बाईंनी त्यातली दोन वाचातज्ज्ञांना पाठवली. पाच मिनिटांत फोन आला. नळाचा, भांड्यांचा आवाज गाळता येतो, माणसावर चढलेलं माणूस वेगळं काढता येत नाही, असं त्या म्हणाल्या. बाईंनी फोन खाली ठेवला. यजमानांनी वही पुढे सरकवली होती.

*सांगत होतो.*

बाईंनी ते वाचलं. मग त्यांनी दुरुस्तीवाल्याकडे हेडफोन मागितले. एखाद्या तरी वाक्यात गप्प बसले असेन, असं म्हणाल्या, आणि तसं म्हणताना त्यांचा स्वतःवर फारसा विश्वास दिसला नाही.

एकोणिसाव्या वाक्याला त्यांचा हात थांबला. त्यात त्या गॅसच्या नळीविषयी बोलत होत्या. मग यजमान म्हणाले: *अगं, दोन मिनिटं गप्प बसशील?* आणि पुढे काहीच नव्हतं. रागावून त्या आत निघून गेल्या होत्या. त्या शांततेच्या अलीकडे तो आवाज एकटा होता. बाईंनी तो चार वेळा ऐकला.

मग त्यांनी वाचातज्ज्ञांना फोन लावला आणि विचारलं, वाक्यं तुम्ही दिलेलीच लागतात का? नाही म्हणे. कुठलंही चालेल, माणूस एकटा बोललेला हवा आणि खाली अक्षरन् अक्षर लिहून हवं.

त्यांनी यजमानांकडे वळून एक बोट वर केलं. कुठलं वाक्य, हे यजमानांनी विचारलं नाही. वहीत एक रेघ मारली.

दुपार तशी गेली. बाई ऐकत, यजमानांना दिसू नये असा हात आडवा धरून कागदावर लिहीत, बोट वर करत. दुरुस्तीवाला तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवी. भांडारपाल चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारत. कागदावर एकाखाली एक उतरत होतं: *थांब, सगळं परत बोलणं आलं. तुझं तोंड दुखत नाही का? मी काय भिंतीशी बोलतोय? जा, आधी तो नळ बंद कर. हसू नकोस.* एकदा *राहू दे, बस इथेच* असं आलं. तेव्हा बाई बोट वर करायला विसरल्या. दुरुस्तीवाल्याने केलं.

दोनशे छत्तीस झाली. एकाहत्तर मिळवून तीनशे सात. एका हाताची मोजणी ग्राह्य नसते म्हणून भांडारपालांनी वही दुरुस्तीवाल्याकडे दिली, आणि त्यानेही निमूटपणे बोट ठेवून रेघा मोजल्या.

सगळं पाठवून झाल्यावर वाचातज्ज्ञांचा फोन आला. वीसेक ऐकली, म्हणाल्या. आवाज स्वच्छ आहे, काम होईल. मग पुढे म्हणाल्या:

"एक सांगून ठेवते. यंत्र जे ऐकतं तेच शिकतं. आता नुसतं 'पाणी दे' म्हणाले, तरी ते जरा वैतागूनच येईल. कायमचं. तुम्हाला चालेल ना?"

भांडारपालांनी बाईंच्या कोपराला वही लावली. *काय म्हणतायत?*

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"म्हणतायत," त्या म्हणाल्या, "हुबेहूब येईल."