माझी झाकणी कोणी फोडली

मी एक जुना साचा आहे. खरं तर अर्धाच. माझी वरची झाकणी आता नाही. ती मुळातच कच्ची होती म्हणून फुटली, असं कागदावर लिहिलं आहे. ते खोटं आहे.

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायचीही माझी फारशी इच्छा नाही. काल तुमच्यातल्याच कोणीतरी माझ्या काठावर दगडाने चिंचोके फोडले. तरी ऐका.

२००१ साली आम्हा दोघांना एकाच दिवशी ओतलं. तिच्या कडेला उंचवटा होता, माझ्या कडेला तशीच खाच. पिरंगुटजवळच्या एका शेडमध्ये आम्ही भट्टीत बसायचो. आमच्यामध्ये टायटॅनियमच्या मिश्रधातूचा पत्रा असायचा. थंड असताना तो पत्रा हट्टी, जास्त वाकवला की तडकतो. पण त्यात दोन जातींचे बारीक कण असतात. नऊशे अंशांवर ते जवळजवळ निम्मे-निम्मे होतात आणि एकमेकांना फार वाढू देत नाहीत. मग झाकणीच्या भोकातून आरगॉन वायू हळूहळू सोडायचा. कण एकमेकांवरून सरकतात. पत्रा दुप्पट ताणला तरी फाटत नाही, अलगद माझ्या तळाला टेकतो आणि त्याची वाटी होते. याला दीड तास लागतो. नंतर आम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्यायचं.

जवळच्या रिहे गावचा जनार्दन भट्टी सांभाळायचा. पत्रा चिकटू नये म्हणून तो आम्हाला ब्रशने पांढरा लेप लावायचा. झाडायला येणाऱ्या गंगूबाई म्हणायच्या, "जनाभाऊ, घरच्या भिंतीला कधी असा चुना लावलाय का?"

"भिंत चिकटत न्हाई, वैनी."

पाच वर्षं असं चाललं. आमची वाटी बघून लोक मान डोलवायचे. कौतुक शेडच्या मालकांचं, मनीषसाहेबांचं व्हायचं.

२००६ साली एका गुरुवारी मोठी पार्टी वाटी बघायला येणार होती. आमच्याकडे गुरुवारी दिवसभर वीज बंद. म्हणून वाटी बुधवारीच हवी होती. सकाळी मनीषसाहेबांनी वायूचा दाब वाढवला आणि दीड तासाचं काम वीस मिनिटांत उरकलं. पत्रा कोपऱ्यात फाटला.

"दुसरा घाल," साहेब म्हणाले.

"आधी ही निवाया पायजेत."

"पाणी ओत."

"सायेब, झाकणी लाल हाय अजून."

"उद्या गुरुवार आहे, जनार्दन. पार्टीला काय तुझं तोंड दाखवू?"

जनार्दनने बादली उचलून झाकणीवर ओतली. हुकूम साहेबांचा होता, हात त्याचा होता. मी दोघांनाही माफ केलेलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. ती भोकापासून कडेपर्यंत तडकली. मी तिच्याखाली होतो. मला काहीच झालं नाही.

साहेबांनी कागद लिहिला, जनार्दनने सही केली. तिचे दोन तुकडे भंगारात गेले. मी एकटा कोणाच्या कामाचा? जनार्दनने मला टेम्पोत घालून रिह्याला आणलं. आता म्हैस माझ्यात पाणी पिते. माझ्या खाचेत शेवाळ धरायचं.

गेल्या महिन्यात जनार्दनची मुलगी गौतमी एक फळी घेऊन आली. "आबा, पाण्यात डास होत्यात. झाकून ठेवते."

"नको," तो म्हणाला. "पाणी मी रोज बदलीन."

"का? फळी बसतीया की."

"बसत न्हाई," जनार्दन म्हणाला, आणि फळी गोठ्याला टेकवून आला.

तेव्हापासून तो रोज सकाळी मला घासतो. खाच मात्र तो बोटाने साफ करतो, ब्रशने नाही. मी त्याच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, तापलेल्या वस्तूला तिच्या वेळेने निवू द्या. तुमची पार्टी थांबेल. आणि चिंचोके दुसरीकडे फोडा. ती कड माझ्या झाकणीची आहे.